करडईच्या तेलातलं पिस्तूल

बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला हंगाम असतो असं सांगितलं की लोक हसतात. पण असतो. वर्षातले दहा महिने आमच्या जुन्या जालन्यातल्या दुकानात माणसं गप्पा मारायला जास्त यायची, हत्यारं घेऊन कमी. पोळा झाला की चित्र पालटायचं. खंडेनवमीला घरातलं हत्यार पाटावर मांडून पूजतात. त्याआधी ते लख्ख पाहिजे, म्हणून परवानेवाल्यांची रांग लागायची. नवमी झाली की दुसरी रांग, कारण पूजेत नळीत गेलेलं कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या काढायलाही आम्हीच. अंबडच्या एका दुनळी बंदुकीतून मी सुपारी काढलेली आहे. बंदूकवाले म्हणाले, "गणपती म्हणून ठेवली होती, कुठं गडप झाली कळंना."

दुकान माझ्या सासऱ्यांचं. पुढे काउंटरवर काडतुसं, परवाने, नोंदवह्या. ते माझे मालक बघायचे. मागच्या खोलीत करीमचाचा. ते हैदराबादेत हत्यारांच्या कारखान्यात काम शिकून आलेले, आणि सासऱ्यांच्या आधीपासून त्या खोलीत बसलेले असावेत असं वाटण्याइतके जुने. मी लग्न होऊन आले ती नोंदवही लिहायला. माझं अक्षर चांगलं होतं. पुढे चाचांचा हात कापायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "बेटी, कानस पकड. मैं बोलता, तू घिस." त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत. गिऱ्हाइकांना सुरुवातीला हे रुचलं नाही. धावड्याचे एक गृहस्थ दोनदा विचारून गेले की मिस्त्री कुठं आहे. मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, "तसं न्हाई वहिनी, खरा मिस्त्री."

हेच गृहस्थ बंदुकीचा आवाज कमी झाला म्हणून आले होते. रानडुकरांवर ती उडवायचे, आणि आताशा ती बराबर वाजत नाही म्हणायचे. मी नळी पाहिली, घोडा पाहिला, सगळं ठीक. मागच्या अंगणात वाळूचा खड्डा होता, तिथं बार काढून दाखवला. शेजारच्यांच्या कोंबड्या उडाल्या. हे म्हणतात, "बघा, कमीच हाय ना?" चाचांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "भाऊ, घरात बायको बोलते ते ऐकू येतं का?" ते म्हणाले, "हल्ली ती बी हळूच बोलती."

असो. मला सांगायचं आहे ते अनसूयाबाईंच्या पिस्तुलाबद्दल.

कुंभार पिंपळगाव म्हणून गाव आहे, अनसूयाबाई तिकडच्या. तेव्हा तो भाग अंबड तालुक्यात, आणि आमचा जालना औरंगाबाद जिल्ह्यात. त्यांचे यजमान दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. येताना रीतसर कागद करून पिस्तूल आणलेलं. ते वारल्यावर परवाना बाईंच्या नावावर झाला, आणि नऊ वर्षं कुणी काही विचारलं नाही. मग एक पत्र आलं. पिस्तूल नऊ मिलिमीटरचं, म्हणजे फौजेचं बोअर. खाजगी माणसाला ते ठेवता येत नाही. मुदतीत बोअर बदलून घ्या, हत्यार चालतं हे दाखवा, नाहीतर सरकारजमा करा. मुदत खंडेनवमीच्या चार दिवस आधी संपत होती.

बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी. ज्या मापाचं भोक, त्या मापाची गोळी.

बाई दुपारच्या एसटीनं आल्या. बरोबर त्यांचे धाकटे दीर, भाऊसाहेब. फेटा कडक, बोलणं गोड. बाईंनी शाळेच्या दप्तरासारख्या पिशवीतून पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं.

"हे दुरुस्त होतं का, तेवढं सांगा."

भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, मी काय म्हणतो, जमा करून टाकावं. तुम्हाला काय करायचंय? उगं खर्च."

"तुम्हाला इचारलं का मी?"

"न्हाई, पण घरातलाच हाय ना मी."

"घरातले हाव म्हणूनच आणलंय संगं. न्हाईतर एकली आले असते."

दीर चहा प्यायला बाहेर गेले, तेव्हा बाईंनी मला खरं काय ते सांगितलं. त्यांच्या भावकीत खंडेनवमीची पूजा थोरल्या घरी, म्हणजे बाईंच्या घरी होते, कारण हत्यार थोरल्या घरी. सगळी भावकी त्या दिवशी तिथं येते, पाटापुढे बसते, आणि वर्षभरातली भांडणं तिथंच मिटतात. बांध, विहीर, पोरींची लग्नं. यजमान गेल्यावर बाई विधवा म्हणून पाटाजवळ बसायच्या नाहीत, त्यांच्या दोन मुली कुंकू वाहायच्या. पण पाट त्यांच्या ओसरीवर. त्यामुळे मधे बोलायचा हक्क त्यांचा.

"पिस्तूल गेलं की पाट भाऊसाहेबांच्या घरी जातोय," त्या म्हणाल्या. "मंग माझ्या पोरी कुठं द्यायच्या ते त्यांनी ठरवायचं. एक स्थळ आणलंय त्यांनी. पंचेचाळीस वर्साचा बिजवर."

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी पिस्तूल हातात घेऊन वजन पाहिलं. "होता," ते म्हणाले. "नळी मिली तो होता."

अर्धस्वयंचलित पिस्तूल कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गोळ्या मुठीतल्या डबीत एकीवर एक असतात. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा पोलादी भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढे येताना डबीतली दुसरी गोळी नळीत ढकलतो. त्या भागाला आम्ही स्लाइडच म्हणायचो. या जातीच्या पिस्तुलात एक सोय होती. फौजेच्या काडतुसासारखीच मागची बाजू असलेलं, पण बारीक गोळीचं काडतूस परवान्यावर मिळायचं. म्हणजे डबी तीच राहते, बाकी सांगाडा तोच राहतो, बदलायची ती मुख्यतः नळी. ऐकायला सोपं आहे. पण दुसऱ्या सांगाड्यासाठी घडलेली नळी या सांगाड्यात बसवायची म्हणजे दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसवण्यासारखं. आणि हे काम परवान्याशिवाय आणि लेखी हुकमाशिवाय करायचं नाही. केलं तर दुकान बंद आणि मालक आत.

नळी कलकत्त्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे निघाली. पत्रव्यवहारात महिना गेला. ती आल्यावर कायद्याप्रमाणे जुनी नळी हवालदारासमोर कापायची होती, म्हणजे कुणी पुन्हा ती घालू नये. अनसूयाबाई त्या दिवशी हजर होत्या. मी नळी शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळली आणि करवत चालवली. पोलाद चांगलं होतं, वेळ लागला. तीन तुकडे पाकिटात गेले, वर लाख. बाई एवढंच म्हणाल्या, "आता मागं फिरायचं न्हाई मंग." मी म्हटलं, "नाही."

हे मी फार सहज म्हणाले.

नवी नळी मी पंधरा दिवस बसवत होते. काजळी लावायची, बसवायची, काढायची, जिथं काजळी पुसली तिथं कानशीचा एक हात. पुन्हा काजळी. चाचा शेजारी स्टुलावर बसून डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि आवाजावरून सांगायचे, "बस." त्यांचं एक तत्त्व होतं. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही, म्हणून एक दिवस कमी घासावं. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं, ते इथं कबूल करते.

नळी बसली. वाळूच्या खड्ड्यात चाचण्या सुरू केल्या. पहिली गोळी सुटली. स्लाइड मागे गेली, पुढे येताना मधेच थांबली. दुसरी गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कधी दुसरीला अडके, कधी तिसरीला. चाचा म्हणाले, स्प्रिंग. स्प्रिंग बदलली. तेच. दुसरी बदलली. तेच. मुदतीला बारा दिवस राहिले होते.

मला वाटलं, नळीच घट्ट आहे. चाचा म्हणत होते, "नळी को हात नक्को लगा. नळी बराबर है." पण त्यांना दिसत कमी होतं, आणि मला हे माहीत असल्यामुळे मी त्यांचं ऐकणंही कमी केलं होतं. शुक्रवारी ते नमाजाला गेले. तेवढ्या वेळात मी नळी काढून दोन्ही बाजूंनी घासली. जास्त घासली गेली हे हाताला लगेच कळलं. बसवली तर किंचित हलत होती. आणि स्लाइड तरीही अडकतच होती.

चाचा आले, पिस्तूल हातात घेऊन कानाशी नेऊन हलवलं. स्टुलावर जाऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधल्या काळात महालक्ष्म्या होऊन गेल्या होत्या. आमच्याकडे त्या मोठ्या असतात, दोन दिवस कढई उतरत नाही. मी दुकानात अडकले होते म्हणून नंतरची आवराआवर तुंबली होती. रविवारी सकाळी तेलाचा डबा धुवायला घेतला. करडईचं तेल. डब्याच्या तोंडाशी सांडून वाळलेल्या तेलाचा पिवळा पापुद्रा धरला होता. घासणीनं जाईना, राखेनं जाईना. मी नखानं खरवडला. चिवट, मेणासारखा, पण मेणापेक्षा कडक.

असाच पिवळा पापुद्रा मी पिस्तुलात पाहिला होता. स्लाइड ज्या खाचांत सरकते त्या खाचांत. आणि आत, स्प्रिंग बसते त्या भोकाच्या तळाशी. मी समजत होते, कारखान्यातलंच काहीतरी रोगण आहे.

हात न धुता दुकानात गेले. सुईनं खाचेतला कण काढला, पत्र्यावर ठेवून स्टोव्हवर धरला. चाचा म्हणाले, "ये क्या पकाती?" मग वास आला. ते ताठ बसले. "तीस बरस हो गए, पिस्तौल में से भजियों की बू पहली बार आई."

मंगळवारी अनसूयाबाई विचारपूस करायला आल्या. मी विचारलं, "बाई, पूजेच्या वेळी याला तेल लावता का?"

"लावतो की. दरसाली."

"कोणतं?"

"घरचं. घाण्याचं. देवाला लावतो तेच. थोरली पोरगी बोटानं लावती, समद्या फटीफटीतून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का? कमी पडलं का?"

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नऊ नवम्या, नऊ वेळा करडईचं तेल, आणि वर्षभर पेटीत बंद. मशीनचं तेल ओलं राहतं, करडईचं वाळतं आणि थर धरतं. पिस्तूल नऊ वर्षांत कुणी चालवलंच नव्हतं, त्यामुळे ते जुन्या नळीसकटही अडकलंच असतं, हे कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही शोधत होतो नव्या भागात, दोष होता जुन्यात.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी आम्हीच केलं?"

मी म्हटलं, "तुम्ही तेल लावलं. मी त्याहून वाईट केलंय." आणि शुक्रवारचं सगळं सांगितलं. नळी जरा सैल झाली आहे, गोळी डावीकडे जाईल, ते आता माझ्याच्यानं भरून येणार नाही. गिऱ्हाइकाला अशी कबुली देण्याची आमच्या धंद्यात पद्धत नाही. मालक काउंटरवरून माझ्याकडे बघतच राहिले.

बाईंनी विचारलं, "किती डावीकडं?"

"वीस पावलांवर चार बोटं."

"मंग मी चार बोटं उजवीकडं बघते. अडकायची तर न्हाई ना?"

तो थर रॉकेलनं जाईना. शेवटी मी तेलाचे डबे जसे धुते तसंच केलं. सगळे भाग सुटे करून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात. चाचांनी कानात बोटं घातली, जणू पोलाद किंचाळणार होतं. पाणी पिवळं झालं. मग कोरडं करून, मशीनचं तेल देऊन जोडलं. सलग दहा गोळ्या सुटल्या. अकरावी चाचांनी मागितली. कापऱ्या हातानं त्यांनी ती वाळूत मारली, पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अब चाय ला."

मुदतीच्या आदल्या दिवशी फौजदार आले. आमच्या मागच्या अंगणात ते, हवालदार, माझे मालक, भाऊसाहेब, अनसूयाबाई आणि मी. चाचा दारात. फौजदारांनी नंबर जुळवले, नळीवरचा शिक्का पाहिला आणि पिस्तूल माझ्या मालकांकडे दिलं, "दाखवा चालवून."

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, परवाना बाईमाणसाच्या नावावर हाय. तिला चालवता येतं का, हेबी बघावं लागंल ना? मी तसा अर्जच दिला होता." वाईट बोलले नाहीत, अगदी कायद्यात बसणारं बोलले. फौजदारांना ते पटलं. ते बाईंकडे वळले. "जमेल का?"

बाईंना मी त्या आठवड्यात दोनदा शिकवलं होतं, पण रिकाम्या पिस्तुलावर. खरी गोळी त्यांनी आयुष्यात झाडली नव्हती. मला वाटलं आता सगळं गेलं. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"वहिनी, झिणझिण्या येतील हं हाताला," भाऊसाहेब म्हणाले.

"येऊ द्या. तिफण धरून बी येतेत."

डबी त्यांनी स्वतः बसवली. दोन्ही हातांनी धरलं, जसं दाखवलं होतं तसं. पहिला बार. त्यांचे खांदे हलले, पाय हलले नाहीत. स्लाइड गेली, आली. दुसरा. पुंगळी उडून फौजदारांच्या बुटाजवळ पडली. तिसऱ्याला मी फक्त स्लाइडकडे बघत होते, कारण तिसरीलाच ते फार वेळा अडकलं होतं. तिसरा सुटला. त्या थांबल्या नाहीत. चौथा, पाचवा. मग पिस्तूल खाली करून, डबी काढून, मागे खेचून रिकामं दाखवलं. ते दाखवायचं असतं हे मी एकदाच सांगितलं होतं.

फौजदार म्हणाले, "आमच्या शिपायांना पण इतकं नीट जमत नाही." हवालदार खाली बघायला लागला.

त्या नवमीला पाट थोरल्या ओसरीवरच मांडला गेला. मुलींची लग्नं बाईंनी ठरवली, तशीच झाली. एक परतूरला दिली, एक सेलूला. दोन्ही पत्रिका आम्हाला आल्या होत्या, आणि धाकटीच्या लग्नात भाऊसाहेबच पंगत वाढत होते.

धाकटीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात बाई परत आल्या. एकट्या. तीच दप्तरासारखी पिशवी. मला वाटलं तेलपाणी करायला आल्या.

"जमा करायचंय," त्या म्हणाल्या. "कागद करून द्या."

मला राग आला. खरंच आला. माझ्या हातचं सगळ्यांत अवघड काम होतं ते. "एवढं केलं ते कशाला मग? आणि नवमीला काय मांडणार?"

"गेल्या नवमीला विळा, खुरपं अन् वखराची पास मांडली. तुमचं पिस्तूल पेटीतच ठेवलं. बघितलं, लोकं येतेत का."

"आले?"

"आले की समदे. भाऊसाहेब तर पैले आले." त्यांनी घाम पुसला. "पोरी गेल्या आपल्या घरी. आता हे कुणासाठी संभाळू? मी मेल्यावर दोन जावई अन् एक दीर, तिघांत हे एक. नको."

त्यांच्याकडे सहा काडतुसं शिल्लक होती. काडतुसं जमा करायला वेगळा अर्ज, वेगळी पोच. चालवून टाकली तर रिकाम्या पुंगळ्या दाखवल्या की झालं. आम्ही मागच्या अंगणात गेलो. तीन गोळ्या त्यांनी चालवल्या, तीन मी. चाचा तोपर्यंत राहिले नव्हते. एकही अडकली नाही.

मग मी नेहमीचा नमुना काढून भरायला बसले. त्यात एक रकाना असतो, जमा करण्याचं कारण. बायका हत्यार जमा करायला आल्या की तिथं एकच वाक्य लिहायची आमची वर्षानुवर्षांची रीत, आणि हात आपोआप चालला: "स्त्री असल्याने हत्यार वापरता येत नाही, सबब."

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. त्यांना वाचायला वेळ लागायचा. बोट एकेका शब्दाखालून फिरत गेलं आणि थांबलं.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "फाडा. दुसरा काढा."

मी दुसरा काढला. "काय लिहू?"

"लिहा, वापरता येतं. ठेवायचं न्हाई."

मी तसंच लिहिलं आणि शिक्का मारला.